रास्पबेरी पायने सिंटिलेटरचे सिग्नल थेट वाचता येतील का?

तुमच्याकडे दोन सिंटिलेटर पॅडल (कण आरपार गेला की क्षणभर चमकणारे फलक) आहेत, घरात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे. त्याच्या पिनला सिग्नल जोडून म्युऑन, म्हणजे वैश्विक किरणांमुळे आकाशातून येणारे कण, मोजता येतील का, आणि मोठ्या प्रयोगांत डिटेक्टरवरचा छोटा संगणक नेमकं काय करतो, असं तुम्ही विचारलंय.

म्युऑन जरूर मोजता येतील, पण मोजण्याचं काम पायवर सोपवू नका. काही वर्षं रीडआउटचे, म्हणजे डिटेक्टरचे सिग्नल वाचणारे, बोर्ड बनवल्यावर माझं ठाम मत झालंय की सिग्नल पकडायचा हार्डवेअरने आणि त्या हार्डवेअरची देखभाल करायची संगणकाने.

सिंटिलेटरचा सिग्नल जेमतेम वीस-तीस नॅनोसेकंद टिकतो. लिनक्सवर चालणाऱ्या पायला इंटरप्टची, म्हणजे पिनवर काही आल्याच्या इशाऱ्याची, दखल घ्यायलाच कित्येक मायक्रोसेकंद लागतात, तेही दर वेळी कमीजास्त. तोवर सिग्नल येऊन गेलेला असतो. म्हणून आधी ठरावीक पातळीवरचाच सिग्नल पुढे सोडणारा डिस्क्रिमिनेटर, मग दोन्ही पॅडलमधून एकाच वेळी सिग्नल आला का हे पाहणारं अँड गेट, मग अशा जोड-नोंदी मोजणारा काउंटर. पायने सेकंदाला एकदा काउंटर वाचला तरी पुरे.

आता डेड टाइम, म्हणजे एक नोंद वाचण्यात गुंतल्यामुळे दुसरी घेता न येणारा वेळ. हा मुद्दा नवशिक्यांना हमखास फसवतो. समजा, सेकंदाला सरासरी १,००० घटना (म्हणजे कणांच्या नोंदी) येताहेत आणि एक वाचायला १ मिलिसेकंद लागतो. हिशेब बरोबर जुळतो असं वाटतं ना? प्रत्यक्षात निम्म्या घटना हातच्या जातात! कण ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी दोन लागोपाठ येतात, कधी बराच वेळ एकही नाही. एक वाचत असताना आलेला दुसरा गेलाच. यावर उपाय म्हणून मध्ये फिफो, म्हणजे आधी आलेली नोंद आधी बाहेर देणारी रांग, ठेवतात. हार्डवेअर झटकन नोंद रांगेत टाकून मोकळं होतं आणि प्रोसेसर आपल्या गतीने रांग उपसतो. सरासरी त्याला झेपली की भागतं.

मोठ्या प्रयोगातली रचनाही याच धर्तीची. मदुराईच्या मिनी-आयकॅलमध्ये, म्हणजे भारताच्या नियोजित न्यूट्रिनो डिटेक्टरच्या छोट्या नमुन्यात, लोखंडाच्या थरांमध्ये आरपीसी (वायू भरलेले सपाट कणशोधक) डिटेक्टर बसवलेत, प्रत्येक साधारण दोन मीटर लांबरुंद. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला सुमारे एक म्युऑन पडतो, म्हणजे एवढ्या क्षेत्रावर सेकंदाला सहाशेच्या वर. प्रत्येक आरपीसीला एका दिशेने साठेक आणि आडव्या दिशेने साठेक, सिग्नल टिपणाऱ्या पट्ट्या. या सगळ्या पट्ट्यांसाठी डिटेक्टरला लागूनच एक बोर्ड असतो. सिग्नलची वेळ अचूक मोजायला त्यावर सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत विकसित झालेली टीडीसी चिप, बाकी तर्क एफपीजीएमध्ये (हवी तशी सर्किटं रचता येणाऱ्या चिपमध्ये) आणि त्याच एफपीजीएत वसवलेला एक छोटा प्रोसेसर. हा प्रोसेसर नोंदींचं पाकीट बांधून इथरनेटवर पाठवतो, वरून आलेल्या आज्ञा पाळतो, आणि अधूनमधून प्रत्येक पट्टीचा नॉइज रेट, म्हणजे तिच्यावर एरवी सेकंदाला किती सिग्नल येतात ते, कळवतो. मला ही शेवटची जबाबदारी सर्वात मोलाची वाटते. डिटेक्टर आजारी पडतोय हे तिथेच पहिल्यांदा दिसतं.

एक चूक मात्र करू नका. आमच्या एका चाचणीत घटनेचा क्रमांक प्रोसेसरच्या प्रोग्राममध्ये मोजला जात होता. एका बोर्डाचा एक ट्रिगर, म्हणजे ‘आता नोंद घ्या’ हा इशारा, हुकला आणि तिथून पुढे त्याची प्रत्येक नोंद शेजाऱ्यांच्या एक घटना मागे पडली. आलेख सगळे सुरेख दिसत होते, फक्त म्युऑनचे मार्ग सरळ जुळेनात. रात्रभराचा डेटा टाकून द्यावा लागला. तेव्हापासून घटना क्रमांक आणि वेळ ट्रिगरच्या क्षणी हार्डवेअरनेच नोंदीवर ठोकायची, असा माझा नियम आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पॅडल ३० बाय ३० सेंटिमीटरची असतील आणि आडवी, एकावर एक ठेवली, तर सेकंदाला पंधराच्या आसपास जोड-नोंदी याव्यात. शेकड्यांनी येत असतील तर थ्रेशोल्ड, म्हणजे डिस्क्रिमिनेटरची पातळी, फार खाली आहे. ती नीट बसवल्यावर एका पॅडलच्या केबलमध्ये वीसेक मीटरची भर घाला, सिग्नल १०० नॅनोसेकंद उशिरा पोचेल. तरीही ज्या जोड-नोंदी होतील त्या निव्वळ योगायोगाच्या, तेवढ्या मूळ आकड्यातून वजा करा.