दुसरे तिकीट कोणासाठी काढलेत?

प्रिय वाचक,

तुम्ही ठाण्याचे, 2014 पासून मुंबई सिटी या फुटबॉल संघाचे चाहते. हंगामाचा पहिला सामना आठ दिवसांवर आला असून तुम्हाला झोप लागत नाही. बचावफळी नवी आहे, गोलरक्षकाचा भरवसा वाटत नाही आणि पत्नी म्हणते, ‘खेळच तर आहे!’ ही धास्ती कमी कशी करावी, असा तुमचा प्रश्न आहे.

पत्र मी दोनदा वाचले. बचावफळीला तुम्ही पूर्ण पान दिले आहे. कळव्याच्या ज्या मित्राबरोबर तुम्ही सामन्यांना जात होता आणि ज्याच्याशी आता अबोला आहे, त्याला एकच ओळ मिळाली आहे, तीही नावाशिवाय. आणि शेवटी, जाता जाता, ‘सवयीप्रमाणे दोन तिकिटे काढली आहेत’ असे लिहून तुम्ही सही केली आहे.

ही सवय नव्हे. पत्नी मैदानावर येत नाही, हे तुम्हीच लिहिले आहे. मग ते दुसरे तिकीट कोणासाठी काढलेत?

18 ऑक्टोबर 2014 रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबईने पुणे सिटीला 5-0 असे हरवले आणि आंद्रे मोरित्झने इंडियन सुपर लीग स्पर्धेतली पहिली हॅटट्रिक केली; त्या संध्याकाळबद्दल लिहिताना प्रत्येक वाक्यात तुमचा शब्द ‘आम्ही’ असा आहे. 4 मे 2024 रोजी कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध आधी गोल खाऊनही मुंबईने 3-1 असा अंतिम सामना जिंकला, तिथे मात्र सगळीकडे ‘मी’ आहे. करंडक घरी आला आणि त्या रात्री तुम्ही कोणालाही फोन केला नाही, हे वाचून मला फार वाईट वाटले.

पहिल्या सामन्याआधी धाकधूक कोणत्या चाहत्याला होत नाही? पूर्वी तुमचीही लोकलमध्ये, घाटकोपर येईपर्यंत वाद घालून निवत असे. आता ऐकणारे कोणी नाही, म्हणून ती रात्री उशाशी येऊन बसते. नवा बचावपटू कितीही चांगला निघाला, तरी त्यावर इलाज होणार नाही.

भांडण कशावरून झाले, हे मला कळवू नका. चूक सर्वस्वी त्याची असेलही. मला त्याच्याशी कर्तव्य नाही.

अंधेरीच्या मैदानासाठी तुम्ही लोकलने घाटकोपर आणि पुढे मेट्रोने आझाद नगर गाठता. ठाण्याहून कळवा एकच स्टेशन आहे. फोन नको, मेसेज तर मुळीच नको. येत्या रविवारी सकाळी ते तिकीट खिशात घालून कळव्याला जा आणि बेल वाजवा. त्याने दार उघडले की कोणताही खुलासा करत न बसता तिकीट त्याच्या हातात द्या आणि सामन्याच्या दिवशी ठाण्याहून कितीची गाडी धरायची, एवढेच विचारा.