निर्वासितांसाठी वेगळा दवाखाना कशाला?

प्रश्न: डॉक्टर, सरकारी दवाखान्यात स्थानिकांनाच तासन् तास ताटकळावं लागतं, त्यात निर्वासितांची भर. त्यांच्यासाठी छावणीतच वेगळे दवाखाने काढले, तर दोघांचीही सोय होणार नाही का? — एक वाचक

उत्तर: सुरुवातीचे काही आठवडे होईल. लोंढा येतो तेव्हा तंबूतला दवाखानाच कामी येतो. पण निर्वासितांचा मुक्काम बहुधा वर्षानुवर्षं लांबतो, आणि जगातले बहुतेक निर्वासित छावणीत नाही, गावा-शहरांतच राहतात. शिवाय छावणीतला दवाखाना देणगीवर चालतो. देणगी आटली की मधुमेह्याचं इन्सुलिन बंद!

युगांडात निर्वासित आणि आसपासचे गावकरी एकाच आरोग्य केंद्रात जातात. निर्वासितांच्या नावाने आलेल्या पैशातून प्रसूतीची खोली झाली, तर गावातली बाईही तिथेच बाळंत होते. मला हा मार्ग पटतो.

तुमचं रांगेचं गाऱ्हाणं मात्र खरं आहे. त्यासाठी हात वाढवायला हवेत, आणि ते निर्वासितांतच सापडतात. तुर्कस्तानने सीरियन डॉक्टर-नर्सना प्रशिक्षण देऊन स्थलांतरितांच्या आरोग्य केंद्रांत नेमलं. (ही केंद्रं वेगळीच की, असं तुम्ही म्हणाल. हो, पण ती तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या व्यवस्थेतली आहेत.) त्यामुळे भाषेची अडचणही सुटली.

ही अडचण किरकोळ समजू नका. दुभाषी नसला की आईबरोबर दहा वर्षांचा मुलगा येतो आणि तोच बोलतो. अंगावरून फार जातंय, हे ती पोराच्या तोंडून कसं सांगणार? ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगते आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन परत जाते. फोनवरचा दुभाषी मिळाला तरी ही बाई बोलती होईल.

खर्चाचं म्हणाल तर जर्मनीचं उदाहरण बघा. तिथल्या 1993 च्या कायद्याने आश्रय मागणाऱ्यांना सुरुवातीच्या काळात मुख्यतः तीव्र आजार आणि वेदनांवरच उपचार मिळतात. अनेक ठिकाणी त्यासाठीही आधी समाजकल्याण कार्यालयातून चिठ्ठी आणावी लागते. 1994 ते 2013 ची आकडेवारी तपासणारा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या उपचारांवर अशी बंधनं होती, त्यांच्यावरचाच दरडोई खर्च जास्त निघाला. जर्मनीतल्याच ब्रेमेन शहराने तर 2005 मध्येच चिठ्ठीऐवजी थेट आरोग्य कार्ड हातात दिलं होतं.