विंडोजवरून लिनक्सवर: सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

विंडोज १० ला नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळं धडधाकट असलेली कितीतरी जुनी मशीन बाद ठरली आणि त्यांतल्या बऱ्याच मशीनवर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आली. या वेळची बहुतेक पत्रं त्याबद्दलच आहेत.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसचं मशीन २०१५ चं, रॅम ८ जीबी. टॅली, जीएसटी आणि एक्सेल एवढंच काम. मेकॅनिक म्हणतो, विंडोज काढून मिंट टाकू. टाकू द्यावं का?

या मशीनवर नको. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं. वाइन नावाच्या, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीतून ते मिंटवर उघडताही येईल, पण लायसन्स, छपाई आणि बॅकअप यांची खात्री कोण देणार? हिशेबाच्या वह्यांवर असले प्रयोग करू नयेत. दिवसभर टॅली चालत असेल तर विंडोज १० चं वाढीव सुरक्षा अपडेट घ्या. घरगुती वापराच्या योजनेत ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळतं, त्यामुळं पुढच्या मशीनचं बजेट आत्ताच धरायला लागा.

तरीही मिंट हवंच असेल तर जुनी डिस्क पुसू देऊ नका. २४० जीबीची नवी एसएसडी घ्या, मिंट तिच्यावर टाका आणि जुनी डिस्क जशीच्या तशी ठेवा. म्हणजे टॅली लागलं की मशीन विंडोजमध्ये सुरू करता येतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मिंटच्या आत विंडोज चालवायचा मार्गही आहे. त्यासाठी ८ पैकी ४ जीबी रॅम, दोन कोर आणि ६० जीबी जागा त्या आतल्या विंडोजला द्यावी लागते. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू नसेल तर व्हर्च्युअलबॉक्स सुरुवातीलाच अडतो. आतल्या विंडोजला लायसन्सही वेगळं लागतं, ही गोष्ट मेकॅनिक सहसा सांगत नाहीत.

टॅली आतल्या विंडोजमध्ये किंवा दुसऱ्या मशीनवर हलवणार असाल, तर आधी त्याचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे जुन्या जागेवरून मोकळं करा. एफ१ दाबून हेल्प, मग सेटिंग्ज, मग लायसन्स, तिथं सरेंडरचा पर्याय आहे. हे राहिलं तर नव्या जागी लायसन्स चालू होत नाही आणि ते रीसेट करून घेण्यात दिवस जातो. कंपनी निवडायच्या स्क्रीनवर डेटाचा पत्ता दिसतो. तो सगळा फोल्डर आकड्यांच्या नावांच्या उपफोल्डरांसकट उचला.

जीएसटीचं रिटर्न ब्राउझरमधून भरता येतं. प्रोप्रायटरी किंवा भागीदारी फर्म असेल तर मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनं, म्हणजे ईव्हीसीनं काम होतं. प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचा टोकन लागतो. तो विंडोजवरच ठेवा. जीएसटीआर-९ चं ऑफलाइन टूल मॅक्रोवाली एक्सेल फाइल आहे, मिंटसोबत येणाऱ्या लिब्रऑफिस या ऑफिस संचात ती धड चालत नाही.

बाकी साध्या एक्सेल फाइली लिब्रऑफिस कॅल्कमध्ये उघडतात. फक्त दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करून टाका. टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह, जनरल इथं जाऊन स्प्रेडशीट कायम एक्सेलच्याच प्रकारात सेव्ह होईल असं ठरवा. नाहीतर सीएकडं पाठवलेली फाइल तिकडं उघडताना कटकट होते. आणि भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ करून आकड्यांच्या फॉरमॅटमध्ये #,##,##० टाका (शून्य इंग्रजी आकड्यातलं). मग स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी पडतात.

प्रश्न : पूर्व भागात आमची लग्नपत्रिकांची छपाई आहे. गिऱ्हाइकं मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही मागतात. मिंट टाकल्यावर जुन्या फाइली इंग्रजी अक्षरांची खिचडी दाखवतात. टायपिंगचंही कळत नाही.

खिचडीचं कारण आधी पाहू. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख या जुन्या फॉन्टांत फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलं नसतंच. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्याच्या जागी मराठी आकार काढतो. फॉन्ट नाही म्हटल्यावर मूळचं इंग्रजी उघडं पडतं. फाइल बिघडलेली नाही. विकत घेतलेल्या फॉन्टची टीटीएफ फाइल मिंटमध्ये डबल-क्लिक करून इन्स्टॉल केली की मजकूर परत दिसेल. पण त्याच पद्धतीनं नवं काम करत राहू नका. त्या मजकुरात शोध चालत नाही, व्हॉट्सॲपवरून गिऱ्हाइकाला कॉपी करून पाठवता येत नाही, आणि डोंगलवर चालणारं सॉफ्टवेअर मिंटवर येणार नाही.

जुन्या पेजमेकर आणि कोरलच्या फाइली लिब्रऑफिस ड्रॉमध्ये उघडतात, पण मांडणी सरकते. पत्रिकेची किनार अर्धा सेंटिमीटर सरकली तरी तुमचं नुकसान आहे. म्हणून जुन्या डिझाइनसाठी एक विंडोज मशीन इंटरनेट काढून कोपऱ्यात ठेवाच. नवं काम युनिकोडमध्ये (यात खरं मराठी अक्षरच साठवलं जातं), पानं मांडायच्या स्क्रायबस १.६ किंवा चित्रं काढायच्या इंकस्केपमध्ये करा. स्क्रायबसची १.४ आवृत्ती घेऊ नका, तीत जोडाक्षरं फुटतात.

आता टायपिंग. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये देवनागरी, तेलुगू आणि कन्नडच्या फॉन्टांचे संच आहेत, ते घ्या. मग कीबोर्ड सेटिंग्जच्या लेआउट भागात इंग्रजी, मराठी, तेलुगू, कन्नड असे चार लेआउट जोडा. एका वेळी चारच बसतात; हिंदी पाचवी हवी असेल तर ती मराठीच्या लेआउटवरच टाइप होते. भाषा बदलायला ऑल्ट आणि शिफ्टची जोडी ठरवा.

मराठीसाठी इन्स्क्रिप्टच, म्हणजे भारतीय लिपींचा प्रमाणित लेआउटच घ्या; इंग्रजी स्पेलिंगनं टाइप करायच्या फोनेटिकच्या मागं लागू नका. तुमच्यासारख्या तीन लिपींच्या धंद्यात इन्स्क्रिप्टची खरी किंमत कळते: तिन्ही लिपींत तोच ध्वनी त्याच कळीवर असतो. ‘के’वर क, ‘एच’वर प, ‘एल’वर त, ‘जे’वर र, ‘सी’वर म, लेआउट तेलुगूचा असो की कन्नडचा. बोटं एकदा बसली की तिन्ही भाषांत बसली. हलन्त ‘डी’वर आहे. ‘ऱ्या’साठी शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग य. साधा र वापरला तर ‘सुऱ्या’चं ‘सुर्या’ होऊन बसतं. ळ शिफ्ट आणि ‘एन’वर.

लिब्रऑफिसमध्ये भाषांच्या सेटिंगला ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी मराठी निवडा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात भाषा मराठी असली तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. पत्रिका वाचणाऱ्या आजोबांच्या नजरेतून हे सुटत नाही.

प्रश्न : कॅनन एलबीपी २९०० मिंटमध्ये दिसतो, पण कागद बाहेर येत नाही. (जुळे सोलापूर)

हा प्रिंटर कॅप्ट नावाच्या पद्धतीनं चालतो. पान तयार करायचं काम प्रिंटर नव्हे, संगणकातला ड्रायव्हर करतो, आणि मिंटचा सर्वसाधारण ड्रायव्हर ती भाषा बोलत नाही. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण जुना आहे. त्याची सेवा मध्येच अडकते, विशेषतः प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केल्यावर. बसवलाच तर आधी प्रिंटर, मग संगणक, असा क्रम ठेवा. घरात दुसरं विंडोज मशीन असेल तर पीडीएफ तिकडं नेऊन छापणं कमी त्रासाचं. एचपीच्या लेझरजेट १०२० चं दुखणं वेगळं: प्रत्येक वेळी चालू झाल्यावर त्याला संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर लागतं. एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरच्या टूलबॉक्समधून प्लगइन उतरवलं की तो चालतो. नवा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलंय का ते पाहा. तसले प्रिंटर बहुधा ड्रायव्हरशिवाय चालतात.

प्रश्न : विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवलंय. मिंट वापरून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागं. शिवाय मिंटमधून डी ड्राइव्हवर काहीच सेव्ह होत नाही. (होटगी रोड)

मदरबोर्डच्या घड्याळात मिंट ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. भारताचा फरक साडेपाच तासांचा, म्हणून नेमका तेवढा. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. पहिल्या शब्दानंतर आणि एकच्या आधी जागा सोडा.

डी ड्राइव्ह अडतो तो विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळं. शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि ड्राइव्ह आपल्या ताब्यात ठेवतं; मिंट मग तो फक्त वाचायला उघडतं, आणि ते बरोबरच करतं. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणाची निवड, तिथली ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. मोठ्या अपडेटनंतर ही खूण कधी कधी परत येते. मिंटमधून जबरदस्तीनं तो ड्राइव्ह लिहायला उघडायचे उपाय कुणी सांगितले तर करू नका, फाइली जातात.

प्रश्न : वायफायच दिसत नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं!

मोबाइल केबलनं जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट लगेच मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून सुचवलेला ड्रायव्हर घ्या. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर तो पासवर्ड ठरवायला लावतो आणि रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो. तिथं ‘एन्रोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर पडदा निघून जातो, ड्रायव्हर चालत नाही, आणि लोक वायफाय कार्डाला दोष देत बसतात.

प्रश्न : टाइमशिफ्ट चालू केलंय. म्हणजे फोटो सुरक्षित ना?

नाहीत. टाइमशिफ्ट मिंटची स्वतःची यंत्रणा जपतं, म्हणजे एखादं अपडेट फसलं तर मागं जाता येतं. तुमचा होम फोल्डर ते मुळात वगळतं. फोटो आणि कागदपत्रांसाठी मिंटमधलंच बॅकअप टूल वापरून वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत घ्या. तीच डिस्क विंडोजवाल्या मशीनलाही लावायची असेल तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि लग्नाचे व्हिडिओ नेमके त्याहून मोठे असतात.