लेझरच्या प्रकाशात डीएमडी : एका झोताचे चार ठिपके का होतात?

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत एक डीएमडी, म्हणजे कलणाऱ्या सूक्ष्म आरशांच्या जाळीची चिप आहे. तिच्या शेजारच्या आरशांच्या केंद्रांमधील अंतर ७.५६ मायक्रोमीटर असून आरसे १२ अंशांनी कलतात. तिच्यावर ६३३ नॅनोमीटरचा तांबडा हेलियम-निऑन लेझर २४ अंशांच्या कोनातून टाकला, तेव्हा समोर एका झोताऐवजी चार ठळक ठिपके आणि भोवती फिकट ठिपक्यांची जाळी दिसली. एलईडी वापरल्यास असे काही दिसत नाही. चिप बिघडली आहे का?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : चिप बिघडलेली नाही; दोष तरंगलांबी आणि आरशांमधील अंतर यांच्या जोडीत आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली डीएमडी साकारली. तिचा प्रत्येक आरसा प्रकाश एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला वळवतो, एवढे समजून घेतले की दिव्याच्या किंवा एलईडीच्या प्रकाशासाठी ते पुरते. लेझरच्या बाबतीत मात्र हजारो आरशांवरून परतणाऱ्या तरंगांचे एकमेकांशी व्यतिकरण होते, म्हणजे ते काही दिशांना एकमेकांना बळ देतात व इतरत्र पुसतात, आणि ती संपूर्ण चिप द्विमितीय विवर्तन जालक, म्हणजे प्रकाश ठरावीक दिशांना विभागणारी जाळी म्हणून वागू लागते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहाव्यात, कारण बहुतेक गोंधळ त्या एकत्र केल्याने होतो. ठिपके कोणत्या दिशांना पडतील हे केवळ आरशांमधील अंतर, तरंगलांबी आणि आपतन कोन यांवर ठरते. आरसे किती कलले आहेत याचा त्या दिशांशी संबंध नसतो. त्या ठिपक्यांमध्ये प्रकाश कसा वाटला जाईल हे मात्र आरशाच्या कलावर ठरते, कारण एकटा आरसा ज्या दिशेला परावर्तन करतो, त्या दिशेभोवतीच बहुतांश ऊर्जा एकवटते. ही दिशा एखाद्या ठिपक्यावर अचूक आली तर जवळजवळ सारा प्रकाश त्या एकाच ठिपक्यात जातो, आणि ती चार ठिपक्यांच्या मध्ये पडली तर प्रकाश चौघांत वाटला जातो.

आपल्या मांडणीचे गणित सोपे आहे. आरसे कर्णरेषेवर कलतात, म्हणून ७.५६ ला २ च्या वर्गमुळाने भागावे, ५.३५ मायक्रोमीटर येतात. त्यांना २४ अंशांच्या साइन मूल्याने (sin २४°), म्हणजे ०.४०७ ने गुणल्यास २.१७ मायक्रोमीटर मिळतात. याला तरंगलांबीने भागून येणारी संख्या पूर्णांकाच्या जवळ हवी, कारण पूर्णांक आला की आरशाच्या परावर्तनाची दिशा एका ठिपक्यावर अचूक येते; हीच आदर्श स्थिती. ६३३ नॅनोमीटरसाठी ती ३.४४ येते, म्हणजे जवळपास सर्वांत वाईट स्थिती. सर्वांत तेजस्वी ठिपक्यालाही आदर्श स्थितीच्या साधारण पाव भागच प्रकाश मिळतो. याच चिपवर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर टाकल्यास ही संख्या ४.०९ होते आणि मुख्य ठिपक्यात आदर्श स्थितीच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकाश येतो. उलट, आरशांमधील अंतर १३.६८ मायक्रोमीटर असलेल्या चिपवर हिरव्या लेझरसाठी ७.४ येते, म्हणून तेथे हिरवा गैरसोयीचा, तर ४८८ नॅनोमीटरचा निळा ८.०६ मुळे सोयीचा ठरतो. चिप विकत घेण्यापूर्वी हा भागाकार करून पाहावा, असा माझा आग्रह आहे. पुढचे कितीतरी महिने त्याने वाचतात.

तांबडा लेझरच वापरायचा असेल तर आपतन कोन बदलावा लागेल. मात्र ० ते २४ अंशांच्या दरम्यान फिरवल्याने ही संख्या जेमतेम दोन टक्के बदलते, त्यामुळे तेथे वेळ घालवू नये. कोन सुमारे ४३ अंशांपर्यंत नेल्यास ती ३ वर येते. तेव्हा परावर्तित झोत चिपच्या लंबाच्या दुसऱ्या बाजूला सुमारे १९ अंशांवर मिळतो. याची किंमत अशी की चिप भिंगाच्या अक्षाला लंब राहत नाही आणि प्रतिमेचे प्रतल तिरके होते. शिवाय आरशांच्या कलात चिपगणिक एखाद्या अंशाचा फरक असू शकतो, म्हणून गणिताने आलेला कोन हा केवळ आरंभबिंदू समजून, शक्तिमापक मुख्य ठिपक्यावर ठेवून चिप हळूहळू फिरवावी आणि कमाल मूल्य शोधावे.

मांडणी करताना चिप तिच्या धारकात ४५ अंश फिरवून बसवली, तर आपाती आणि परावर्तित झोत दोन्ही टेबलाला समांतर राहतात आणि पुढील सर्व जुळवणी सुकर होते. चारही ठिपके संपूर्ण प्रतिमा वाहून नेतात, त्यामुळे भिंगाच्या नाभीप्रतलात, म्हणजे ठिपके जेथे केंद्रित होतात तेथे, छिद्र ठेवून त्यांपैकी एकच पुढे जाऊ दिला तरी प्रतिमा उमटते. फक्त छिद्र फार लहान केल्यास बारकावे हरवतात. प्रतिमेत लेझरची कणीदार चमक खटकत असेल तर झोताच्या वाटेत फिरता विसरक (प्रकाश विखुरणारी दुधी चकती) ठेवावा, मात्र होलोग्रामसाठी तरंगांची कला (फेज) जपायची असल्यास तो उपाय चालणार नाही.

२४ अंशांच्या मांडणीत ‘बंद’, म्हणजे विरुद्ध बाजूला कललेल्या आरशांवरील प्रकाश लंबाच्या दुसऱ्या बाजूला सुमारे ४८ अंशांवर, तर चिपवरील काचेचे परावर्तन २४ अंशांवर बाहेर पडते. या दोन्ही वाटांवर प्रकाश शोषणारे अडथळे आधी बसवावेत आणि लेझरची शक्ती त्यानंतरच वाढवावी.