आजी 'येते' कोणाला म्हणते?

प्रिय चिऊ,

शनिवारी गाडीत तू विचारलंस आणि तेवढ्यात आपलं वळण चुकलं, म्हणून उत्तर राहून गेलं. "आजी घरात एकटीच असते ना? मग कुलूप लावताना 'येते हं' असं कोणाला म्हणते? आणि जात असताना येते का म्हणते?" प्रश्न दोन आहेत. सोपा आधी घेते.

घरातून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही. बाजारात गेले, पुण्याला गेले, हे ठीक. पण मागेपुढे काही न लावता नुसतं 'आजोबा गेले' म्हटलं, की माणूस वारला असं समजायचं. म्हणून निघणारी 'येते' म्हणते आणि दारातलं माणूस म्हणतं, 'ये'. तू शाळेत बाईंना जर्मनमध्ये 'आउफ वीडरझेहेन' म्हणतेस, त्यातही पुन्हा भेटणं आहेच की. निघालेल्या माणसाला 'कुठे?' विचारायचं नाही, हाही त्यातलाच प्रकार. माझ्या आजीला कोणी तसं विचारलं तर ती चपला काढून परत आत येऊन बसायची, घोटभर पाणी प्यायची आणि मग निघायची. बस चुकली तरी चालेल!

असे बरेच शब्द आपण वळसा घालून म्हणतो. देवापुढे नारळ फोडत नाही, 'वाढवतो'. हातातली काचेची बांगडी फुटली तर ती 'वाढवली'. हा शब्द लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता कोणाला म्हणते ते. जुलैत आपण वाईला महिनाभर होतो, पण तू उठायचीस नऊला, त्यामुळे आजीचा अर्धा दिवस तुला माहीतच नाही. ती साडेपाचला उठते. पाणी भरून होतं, दाराच्या कडीला लावलेल्या पिशवीतून दूध आत येतं, मग उंबरठा पुसून बोटभर रांगोळी. अगदी छोटी, कमळ नाहीतर नुसती स्वस्तिकं. मला वाटायचं, कोण बघतंय? तर समोरच्या काकू बघतात. मागच्या थंडीत आजीला ताप होता, सात वाजले तरी दारात रांगोळी नाही, तर काकू सरळ कडी वाजवायला आल्या. तोवर मी इथे झोपेत होते.

भिंतीवरचं कालनिर्णय तू उलगडून बघितलंस का? प्रत्येक तारखेच्या चौकोनात तिचा दुधाचा हिशेब असतो. अर्धा लिटर, अर्धा लिटर, एखादा खाडा. आपण आलो त्या दिवसापासून दीड. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिने 'चिऊचं घड्याळ मागे' असंही लिहून ठेवलंय, म्हणजे फोनची वेळ चुकायला नको.

आजोबा गेल्यावर तिने दोन लिटरचा छोटा कुकर घेतला. मोठा माळ्यावर. एकटीसाठी काय करायचं, म्हणून चहा-पोळीवर भागवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ही मात्र आमटी, भाजी, दोन पोळ्या, मूठभर भात, सगळं करते आणि पाट मांडून जेवते. दुपारी पेपर, वाती वळणं. चारच्या चहानंतर टिळक ग्रंथालयात पुस्तक बदलायचं आणि घाटावर ढोल्या गणपतीपाशी बसायचं. (त्या देवळाची मागची भिंत माशासारखी का, हे तिने तुला सांगितलंय. कृष्णेला पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. विसरली असशील.) दिवेलागणीला घरी.

आता तो शब्द. आजोबा २०१८ साली गेले. मी तिसऱ्या दिवशी पोचले, तोवर चार बायकांनी मिळून तिच्या बांगड्या 'वाढवल्या' होत्या. मनगटावर बारीक ओरखडा होता. एवढ्या गोड शब्दाआड एवढं दांडगं काम कसं मावतं, हे मला अजून कळलेलं नाही. त्या खेपेला मी परत निघाले तेव्हा तिने माझ्या हातावर दही दिलं, पण कुंकू लावायला समोरच्या काकूंना हाक मारली. विधवेने लावायचं नसतं म्हणे. मीही गप्प बसले. तेव्हा बोलायला हवं होतं.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ठरावच केला: नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. मग सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून कळवलं. आजीने ते पेपरात वाचलं. फोनवर मला एवढंच म्हणाली, "बरं केलं त्यांनी." पुढच्या वेळी आपण निघालो तर करंडा घेऊन स्वतःच पुढे आली. तुलाही लावलं, तू नाक मुरडलंस. तिच्या हातात तेव्हापासून दोन-दोन काचेच्या बांगड्या आहेत, आणि त्याबद्दल ती कोणाशी काही बोलत नाही.

तर 'येते' कोणाला? देवांना असेल, आजोबांच्या फोटोला असेल, असं मला वाटायचं. मी एकदा विचारलं. म्हणाली, "कोणाला नाही गं. कुलूप ओढून बघते ना, तेव्हा तोंडातून निघतं." माझा तिच्यावर पूर्ण विश्वास बसलेला नाही. रविवारी तूच विचारून बघ. फक्त तिकडचे दोन ते चार टाळ, म्हणजे आपले साडेदहा ते साडेबारा. ती झोपलेली असते आणि उठवलं की "मी कुठे झोपले होते?" म्हणते.

तुझी
आई