वाचकांचे प्रश्न: भंगारात काढण्याआधी पॅनेल मोजून पाहा

प्रश्न: आमचे सौर पॅनेल १२ वर्षांचे आहेत. त्यांतल्या दोन पॅनेलची वीज बरीच घटली. बसवणारे म्हणतात, सगळेच बदला. गरज आहे का?

उत्तर: दोनांपायी सगळे काढायचे कारण दिसत नाही. सिलिकॉन पॅनेलची क्षमता वर्षाला साधारण अर्धा ते पाऊण टक्का उतरते. म्हणजे १२ वर्षांत सहा ते नऊ टक्के घट वयाचीच. त्याहून बरीच जास्त असेल तर बिघाड शोधायचा.

आधी इन्व्हर्टर बंद करा, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारा प्रवाह तोडणारा स्विच). तारेतला प्रवाह शून्य झाल्याचे क्लॅम्प मीटरवर (तारेला चिमटा लावून प्रवाह मोजणारे मीटर) पाहूनच कनेक्टर सोडवा. प्रवाह चालू असताना ओढला तर डीसीची ठिणगी विझत नाही. कनेक्टर वितळतो, हात भाजतो. आता भर उन्हात एकेका पॅनेलचे व्होल्टेज मोजा. ६० सेलच्या पॅनेलमागच्या पट्टीवर ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेले) ३७-३८ लिहिलेले असते. पॅनेल २५ अंशांहून तापले की दर अंशाला हा आकडा सुमारे ०.३ टक्क्याने उतरतो. हे धरले नाही, तर धडधाकट पॅनेलही नापास होते.

आकडा दोन-तृतीयांशावर आला असेल, तर तीनांपैकी एक बायपास डायोड (कमजोर सेलना वळसा घालून वीज पुढे नेणारा भाग) शॉर्ट झाल्याची दाट शक्यता. तेवढ्याच अँपिअरचा नवा डायोड बसवता येतो. जंक्शन बॉक्स (पॅनेलमागचा, डायोड असलेला डबा) आतून रबरासारख्या सिलिकोनने भरलेला असेल तर मात्र अख्खा बॉक्स बदलावा लागतो. व्होल्टेज ठीक पण प्रवाह कमी असेल तर काच धुऊन पुन्हा मोजा. तरीही कमीच दिसला तर ईव्हीएचा (काच आणि सेल चिकटवणाऱ्या प्लास्टिकचा) थर पिवळा पडला असेल किंवा सेल तडकले असतील. याला दुरुस्ती नाही. पण अशी कमजोर पॅनेले एकत्र करून वेगळी स्ट्रिंग (एकापाठोपाठ जोडलेली माळ) केली, तर ती बाकीच्यांना मागे ओढत नाहीत.

बॅकशीटला (पॅनेलमागच्या प्लास्टिकच्या थराला) भेगा असतील तर मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासा: दोन्ही तारा एकत्र जोडून चौकटीशी रोध मोजायचा. १.६ चौरस मीटरच्या पॅनेलला किमान २५ मेगाओहम हवेत. कमी भरले तर ते पुन्हा वापरू नका. ओल्या चौकटीतून शॉक बसतो.

प्रश्न: भंगारवाला फक्त ॲल्युमिनियमची चौकट आणि तारा घेतो. बाकीचे फुकट का जाते?

उत्तर: कारण बाकीचे चिकटलेले असते. २० किलोच्या पॅनेलमध्ये १४-१५ किलो काच, दोन किलोच्या आसपास ॲल्युमिनियम, उरलेल्यात प्लास्टिक, सिलिकॉन, थोडे तांबे. चांदी जुन्या पॅनेलमध्ये १०-२० ग्रॅम, नव्यांत त्याहून कमी. काच आणि सेल यांना जोडणारा ईव्हीए कारखान्यातच पक्का झालेला असतो. पुन्हा तापवला तरी तो मेणासारखा वितळत नाही. सगळेच दळून टाकले, तर काचेच्या चुऱ्यात प्लास्टिक आणि सिलिकॉन मिसळते आणि तो चुरा हलक्या कामालाच जातो.

चांगली रीत म्हणजे सुमारे ३०० अंशांना तापवलेले पाते काच आणि सेल यांच्यामधून फिरवणे. काच अखंड निघते. मग सेलच्या थरातून आम्लाने चांदी विरघळवून काढतात. पण या पात्याला सपाट, न फुटलेली काच लागते, आणि भंगारात चौकट हातोड्याने उचकटतात तिथेच ती फुटते! दुसरी वाट ५०० अंशांच्या आसपास प्लास्टिक जाळण्याची. तिथे फ्लोरिनयुक्त बॅकशीट आधी सोलली नाही तर हायड्रोजन फ्लोराइडसारखा घातक वायू निघतो. म्हणून उघड्यावर पॅनेल कधीही जाळू नये.

तुम्ही एवढे करा: चौकट आणि तारा जशाच्या तशा ठेवा. तार मुळाशी कापली की पॅनेल तपासणे अवघड होते, आणि जे दुसरीकडे चालले असते तेही भंगार ठरते. कनेक्टरच्या टोकांना टेप लावा. उजेडात पॅनेल वीज देतच असते.

प्रश्न: पवनचक्कीची पाती वितळवून नवी का करत नाहीत?

उत्तर: मनोरा, गिअरबॉक्स, तांबे यांचे भंगार सरळ विकले जाते. पात्यांत काचतंतू आणि इपॉक्सी ही राळ असते, आणि इपॉक्सीही वितळत नाही. म्हणून पाती तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत घालतात: राळ इंधन होते, काचेतली वाळू आणि चुना सिमेंटमध्ये मुरतो. काचेतला बोरॉन जास्त झाला तर सिमेंट उशिरा घट्ट होते, म्हणून प्रमाण सांभाळावे लागते. सौम्य आम्लात सुटणारी राळ वापरलेली पाती २०२१ पासून येऊ लागली. ती उतरायला अजून वीसेक वर्षे आहेत.