उधाण, उघाडी आणि मोबाइलवरचा निळा नकाशा

प्रश्न : आमचं गाव पेण तालुक्यात, खारेपाटात. बांधाला लागून सव्वा एकर भातशेती आहे. मुंबईला असलेल्या मुलाने मोबाइलवर नकाशा दाखवला, त्यात 2050 साली अख्खं गाव निळं. तो म्हणतो, जमीन विकून टाका. थोरले दीर म्हणतात, समुद्रबिमुद्र काही वाढत नाही, बांधाकडे कुणी बघत नाही म्हणून पाणी येतं. गेल्या श्रावणात उधाणाला दोन दिवस शेतात पाणी होतं. काय करावं? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आधी तो नकाशा. अशा बऱ्याच नकाशांत जमिनीची उंची आणि भरतीची उंची एवढंच ताडून बघतात, मधला बांध धरतच नाहीत. तसं बघितलं तर तुमचं शेत आजच निळं आहे. खारेपाटातली भातशेती उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, पातळीखालीच असते, म्हणून तर वाडवडिलांनी खाडीतला चिखल उपसून बांध घातले. तेव्हा मुलाला सांगा, 2050 ची वाट बघायला नको.

पण दिरांचं ‘वाढत नाही’ हेही मला पटत नाही. 1901 ते 2018 या काळात जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटीमीटर, म्हणजे वीतभर चढली. पूर्वी हा वेग वर्षाला दीड मिलिमीटरही नव्हता. 2006 नंतर तो 3.7 मिलिमीटरवर गेला. दहा वर्षांत दोन बोटं धरा. पाणी तापून फुगतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो, ही त्याची मोठी कारणं.

दोन बोटांनी काय होतं, असं दीर विचारतील. मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात भांगाच्या दिवसांतली, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती तीन-साडेतीन मीटरची आणि पावसाळ्यातलं मोठं उधाण साडेचारच्या पुढे. त्यात दोन बोटं म्हणजे काहीच नाही, हे खरंच. पण माझी नोकरीची एकोणतीस वर्षं अशाच बांधांवर गेली, आणि तिथे पाणी बांधावरून येताना मी फार क्वचित पाहिलं. ते बांधातून येतं. आणि त्याहून आधी आतलं पावसाचं पाणी उघाडीत, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारात, अडतं.

तुमच्या उघाडीची झडप आठवा. भरती चढली की खाडीचं पाणी तिला बाहेरून दाबून धरतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. खाडी जितकी वर, तितकी झडप उशिरा उघडते आणि लवकर मिटते. पावसाचं पाणी उतरायला मिळणारा वेळ दर भरतीला थोडा थोडा कमी होत जातो. समुद्र वाढल्याचं पहिलं चिन्ह तुमच्याकडे हे दिसणार, लाट नव्हे.

म्हणून विचारतो, श्रावणातलं ते पाणी चाखलं होतंत का? हसू नका, जुने शेतकरी चाखूनच ठरवत. गोडं असेल तर उघाडी तुंबली होती. मचूळ किंवा खारट असेल तर झडप फुटकी आहे, नाहीतर कुठेतरी पाझर आहे. गोडं पाणी ओसरलं की भात बऱ्याचदा सावरतं. खारं शिरलं तर जमीन धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात.

पाझरावरून एक आठवतं. एका गावात बांधाच्या आतल्या अंगाला, अंगठ्याएवढ्या खेकड्याच्या बिळातून गढूळ पाणी बुडबुडत होतं. निवळ पाणी चालतं, गढूळ म्हणजे बांधाची माती वाहून चालली. आम्ही कचेरीत कळवलं, उत्तर आलं की अंदाजपत्रक पाठवा. पाठवलं. नारळी पौर्णिमेच्या रात्री तिथेच खांड गेली, म्हणजे बांध फुटला, सकाळी मोजली तर चाळीस फूट. सुक्या दिवसांत चार टोपल्या चिखलाचं काम होतं ते! त्यामुळे डागडुजीबद्दल दिरांशी मी भांडणार नाही.

वादळ आलं तर हिशेब बदलतो. हवेचा दाब एका मिलिबारने उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढतं, वर वाऱ्याचा लोट वेगळा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा वटपौर्णिमेला दोनच दिवस होते, म्हणजे उधाण तोंडावर होतं. अशा वेळी समुद्राची पातळी वीतभर आधीच चढलेली असणं महागात पडतं.

जमीन विकू नका, निदान नकाशा बघून तरी नको. नवं घर मात्र बांधाकडेला बांधू नका, आणि जुन्याचं जोतं वाढवता आलं तर वाढवा. बांधाबाहेरची कांदळं, म्हणजे खारफुटीची झाडं, कुणाला तोडू देऊ नका. कायद्याने मनाई आहेच, शिवाय लाटेचा मार आधी तीच खातात. खारं शिरलंच असेल तर खारजमिनीसाठी काढलेलं पनवेल वाणाचं बियाणं मिळतं का, ते कृषी सहायकाकडे विचारा.

आणि येत्या सर्वपित्री अमावस्येच्या पुढेमागे, दिवस कोरडा असेल तर, दिरांना घेऊन उघाडीवर जा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांना माहीत असेलच. पाणी किती चढतं त्याची खूण दगडावर रंगाने करा, शेजारी तारीख लिहा, पुढच्या वर्षी त्याच तिथीला पुन्हा. झडपेत ओंडका किंवा प्लॅस्टिक अडकलेलं असेल तर काढून टाका, पण ओहोटीलाच. भरतीत तिथे हात घालायचा नाही.